रापणीचा बांगडा आणि त्याची गोडी: आयएमपी प्रकल्पाच्या नोंदी

15 सप्टेंबर

विषय आज मान्य झाला. सरांनी दोनदा विचारलं, "बांगडाच का? सुरमई का नको?" बांगडा रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, जिवंत किनाऱ्यावर येतो म्हणून, असं सांगितलं. समुद्रात लांब पकडलेला मासा कधी मेला हे कुणालाच नक्की माहीत नसतं. रापणीत तसं नाही. जाळं ओढून वाळूवर आलं की बांगडे डोळ्यांसमोर उडत असतात, घड्याळ तिथूनच सुरू करता येतं. मालवणात राहून हे सोडून दुसरं काही घेणं मला पटत नव्हतं.

मोजायचं आहे इनोसिन मोनोफॉस्फेट, म्हणजे आयएमपी. मासा जिवंत असताना त्याच्या स्नायूत एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारं संयुग, असतं. मेल्यावर ते भरून येणं थांबतं आणि उतरण सुरू होते: एटीपीचं एडीपी, एडीपीचं एएमपी, एएमपीचं आयएमपी, आयएमपीचं इनोसिन, इनोसिनचं हायपोझँथिन. पहिल्या तीन पायऱ्या झपाट्याने होतात. आयएमपीवर आलं की गाडी रेंगाळते, कारण ते तोडणारं विकर (एन्झाइम) हळू काम करतं. म्हणून ताज्या माशात आयएमपीचा साठा होतो, आणि हाच साठा जिभेला चव देतो. पुढचं हायपोझँथिन कडवट.

आई वीस-बावीस वर्षं बाजारात मासे विकते. तिच्या तोंडी ताज्या माशाला एकच शब्द आहे, 'गोड'. साखरेचा गोड नव्हे, पण आमच्याकडे कुणाला ते समजावून सांगावं लागत नाही. 'बांगडो गोड लागलो' म्हटलं की झालं. मला वाटतं ही गोडी बरीचशी आयएमपीची आहे. ती किती तासांत जाते आणि उन्हात किती लवकर जाते, एवढं जरी नीट मोजता आलं तरी प्रकल्प झाला.

17 सप्टेंबर

वाचन. आयएमपी पहिल्यांदा वेगळं केलं ते लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, 1847 मध्ये, गोमांसाच्या अर्कातून. त्याला चवीशी जोडायला मात्र 1913 उजाडावं लागलं. शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशी, म्हणजे धुरावून वाळवलेल्या बोनिटो माशाच्या चवीमागे हेच संयुग आहे असं दाखवलं. त्याआधी पाच वर्षं, 1908 मध्ये, त्यांचे गुरू किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळातून ग्लुटामेट काढून त्या चवीला उमामी नाव दिलं होतं. पुढे अकिरा कुनिनाका यांनी ग्लुटामेट आणि न्यूक्लिओटाइड एकत्र आले की चव नुसती बेरजेने न वाढता कितीतरी पटींनी वाढते हे सिद्ध केलं. बांगड्याच्या रश्शात कांदा-टोमॅटो घालणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही.

घरी भाच्याच्या चिप्सच्या पाकिटामागे 631 हा आकडा दिसला. ते म्हणजे आयएमपीचंच डायसोडियम मीठ. 627 हे त्याचं भावंड, ग्वानिलेट. दोन्ही मिसळली की 635. 631 मासे-मांसापासून काढता येतं, तसंच आंबवून किंवा यीस्टच्या आरएनएपासूनही बनतं. आईला दाखवलं तर तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे माशाची गोडी पुडयेत भरून विकतत?" बरोबर तेच.

मोजायचं सूत्र जपानी संशोधकांनी 1959 मध्ये दिलं, के-मूल्य. इनोसिन आणि हायपोझँथिन यांची बेरीज वर, सहाही संयुगांची बेरीज खाली, गुणिले शंभर. मूल्य जितकं कमी तितका मासा ताजा. कच्चा खाण्याजोगा मासा साधारण वीसच्या आत असावा असा त्यांचा संकेत आहे.

या सूत्रातली मला आवडलेली गोष्ट लिहून ठेवते. नमुना घेताना थोडा उशीर झाला तर एटीपी लगेच उतरतं, पण उतरून आयएमपीच होतं. दोन्ही छेदातच आहेत, त्यामुळे मूल्य हलत नाही. जाळ्यात धडपडून दमलेल्या माशात एटीपी आधीच संपलेलं असतं, तेही चालून जातं. किनाऱ्यावर काम करणाऱ्याची अडचण ओळखून बनवल्यासारखं सूत्र आहे.

19 सप्टेंबर

प्रमाण संयुगं, म्हणजे मोजताना तुलनेला लागणारी शुद्ध संयुगं, आली. सहा छोट्या बाटल्या, आत सगळी पांढरी भुकटी. सर्वात आधी आयएमपीचं डायसोडियम मीठ वजन केलं. तराजूच्या काचा बंद असूनही शेवटचा आकडा थांबेना, हळूहळू वर सरकत होता. बाहेर धो धो पाऊस, खोलीत दमट हवा. सरकता सरकता 26.4 मिलिग्रॅमवर टिपून घेतलं. 50 मिलीच्या फ्लास्कमध्ये विरघळवलं. रेणुभार 392.17 धरून 1.346 मिलिमोलर.

बाकीच्या पाचही केल्या. संध्याकाळपर्यंत त्याच कामात. द्रावणं लहान कुप्यांत वाटून फ्रीजरमध्ये ठेवली.

24 सप्टेंबर

पहाटे पाचला दांडी किनाऱ्यावर. नवरात्र बसलंय, मासळीला उठाव कमी, पण रापण लागलीच. होडी अर्धवर्तुळ घालून जाळं सोडत गेली आणि दोन्ही दोर किनाऱ्यावर आले. पन्नासेक माणसं ओढायला. मी दोराला हात लावायला गेले तर एक आजोबा म्हणाले, "तू तुझा घड्याळ बघ, बाय." त्यांचंही खरंच होतं.

सहा बेचाळीसला जाळ्याची पिशवी वाळूवर. बांगडे चांदीसारखे, पाठीवर हिरवट-निळी झाक, कल्ले गडद लाल. समुद्राचं पाणी 28 अंश, माशाच्या पोटातही तेवढंच. थर्मामीटर कल्ल्यामागून आत सरकवून पाहिलं.

तीन वाटे केले. पहिला लगेच गाळबर्फात: कुटलेला बर्फ आणि समुद्राचं पाणी मिळून केलेला पातळ राब. दुसरा नेहमीसारखा टोपलीत, माडाच्या सावलीत, आणि सहा तासांनी बर्फात. तिसऱ्याला बर्फच नाही.

गाळबर्फातल्या माशाचं पोट किती भराभर थंड झालं ते बघत राहिले. लादी फोडून घातलेल्या बर्फात खडा आणि मासा यांच्यात हवा राहते. राबात मासा चहूबाजूंनी थंड पाण्याला टेकलेला असतो. हाताला सुद्धा तो फरक कळतो, बोटं बधिर होतात.

नमुने: डोक्यामागचा पाठीचा स्नायू, कातडी काढून, प्रत्येकी साधारण पाच ग्रॅम. किनाऱ्यावर आम्ल न्यायला सरांनी साफ नकार दिला होता, आणि तो योग्यच होता. म्हणून तीन भाग बर्फ, एक भाग जाडं मीठ असं मिश्रण करून नेलं. पारा शून्याखाली सोळापर्यंत उतरला. तुकडे त्यात पुरून स्कूटरवरून कॉलेजात.

25 सप्टेंबर

अर्क काढला. यात सर्वात महत्त्वाचं म्हणजे गोठलेला तुकडा वितळू द्यायचा नाही. वितळताना विकरं पुन्हा जागी होतात आणि जे मोजायचं तेच खाऊन टाकतात. तुकडा कडक असतानाच थंड परक्लोरिक आम्लात (0.6 मोलर, 25 मिली) टाकून मिक्सरने घुसळला. आम्लात प्रथिनं एका क्षणात गोठतात, विकरं मरतात. आदल्या दिवसापासून चाललेली उतरण तिथे थांबते.

मग सेंट्रिफ्यूज. वरचं निवळ पाणी 10 मिली घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच 6.5 ते 6.8 च्या मध्ये आणलं. थेंब थेंब, बर्फात, ढवळत. पोटॅशियम परक्लोरेटची पांढरी साय तळाशी बसते. अर्धा तास बर्फात ठेवलं की उरलंसुरलंही बसतं. गाळून 20 मिली केलं. पीएच सातच्या वर गेला म्हणून एक नमुना टाकून द्यावा लागला, तिसऱ्या वाट्याचा 8 तासांचा.

परक्लोरिक आम्ल लाकडी टेबलावर सांडू द्यायचं नाही, कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाकायचा नाही. वाळलं की ते लाकूड-कागदाबरोबर पेट घेऊ शकतं. भरपूर पाण्याने धुवायचं. प्रयोगशाळेतल्या दादांनी माझ्या शेजारी उभं राहून दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. न सांगता.

29 सप्टेंबर

रत्नागिरी. आमच्याकडे एचपीएलसी, म्हणजे द्रावणातली संयुगं वेगळी करून मोजणारं यंत्र, नाही, तिथल्या प्रयोगशाळेत दिवस मिळाला होता. थर्मोकोलच्या पेटीत बर्फ-मीठ, आत कुप्या. कुडाळहून गाडीने गेले. डब्यातल्या एका काकूंनी पेटीकडे बोट दाखवून विचारलं, पापलेट नेतेस का. बांगडा नेतेय म्हटलं, पण पाण्याच्या रूपात.

सी-18 स्तंभ, फॉस्फेट बफर, 254 नॅनोमीटरला वाचन. आलेखावर आयएमपी आणि हायपोझँथिनची शिखरं एकमेकांना चिकटून आली, बफरचा पीएच थोडा बदलल्यावर सुटी झाली. इनोसिन निवांत, सर्वांत शेवटी. साडेतीनला वीज गेली, जनरेटर लागेपर्यंत एक नमुना वाया. संध्याकाळी स्तंभ आधी साध्या पाण्याने आणि मग मिथेनॉलने धुतला. आधीच मिथेनॉल सोडलं असतं तर फॉस्फेटचं मीठ आत बसून स्तंभ कायमचा चोंदला असता.

30 सप्टेंबर

आकडेमोड. 24 तासांचे नमुने, मायक्रोमोल प्रति ग्रॅम:

लगेच बर्फ: आयएमपी 10.0, इनोसिन व हायपोझँथिन मिळून 0.5, उरलेली तीन मिळून 0.6. के-मूल्य 4.5.

सहा तासांनी बर्फ: आयएमपी 8.1, इनोसिन व हायपोझँथिन 2.0, उरलेली 0.5. के-मूल्य 18.9.

म्हणजे सहा तास सावलीत पडलेला बांगडाही वीसच्या आत! आईला सांगितलं. ती खूश झाली नाही, उलट कपाळाला आठ्या. "सा तास टोपलेत? नाय गो. तो मासो उतरलेलो असतलो." मी आकडा दाखवला. ती भांडी घासत राहिली.

2 ऑक्टोबर

दसरा. आजोळी. मामाच्या पायाचा अंगठा परत सुजलाय, गाउट. गेली दोन वर्षं ॲलोप्युरिनॉल चालू आहे आणि डॉक्टरांनी तारली, पेडवे कमी करायला सांगितलंय. मामा कुरकुरत होता, तारलीत एवढं काय वाईट असतं म्हणून.

त्याला कागदावर काढून दाखवलं. बांगड्याच्या अंगात जी उतरण चालते तीच पुढे आपल्या अंगात चालते. हायपोझँथिनचं झँथिन, झँथिनचं युरिक आम्ल, आणि ते सांध्यात खडा होऊन बसतं. शेवटच्या दोन्ही पायऱ्या झँथिन ऑक्सिडेज नावाचं एकच विकर करतं, आणि ॲलोप्युरिनॉल नेमकं त्यालाच अडवतं. ज्यांनी हे औषध घडवलं त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 चं नोबेल मिळालं. त्यांचंच 6-मर्कॅप्टोप्युरिन रक्ताच्या कर्करोगात देतात. पेशी त्याला हायपोझँथिन समजून आयएमपीसारखा रेणू बनवून बसतात आणि फसतात. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात ते मायकोफेनोलेटही आयएमपीच्याच वाटेवर बसलेलं असतं, आयएमपीपासून ग्वानिनच्या कुळाकडे जाणारी पायरी ते रोखतं. वाढू पाहणाऱ्या लिम्फोसाइट पेशींना, म्हणजे शरीराच्या प्रतिकार करणाऱ्या पेशींना, ती पायरी लागतेच.

एका रेणूभोवती एवढी औषधं उभी आहेत, आणि तोच रेणू आपल्या रश्शाला चव देतो. हे मला फार मोठं वाटतं. मामाने कागद घडी करून खिशात ठेवला, डॉक्टरांना दाखवतो म्हणाला.

4 ऑक्टोबर

आज एक चूक सापडली. मोठी.

सरांनी सहज विचारलं, "आयएमपीचं प्रमाण द्रावण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर तपासलंस ना?" द्रावण किती प्रकाश शोषतं ते हे यंत्र मोजतं, त्यावरून त्यात संयुग किती आहे ते कळतं. तपासलं नव्हतं. वजनावर विश्वास ठेवला होता. फ्रीजरमधली कुपी काढली, पंचवीस पट पातळ केली, पीएच सातच्या आसपास, क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये. साधी काच इथे चालत नाही, ती अतिनील किरण स्वतःच शोषते. आयएमपी 248-249 नॅनोमीटरला सर्वाधिक प्रकाश शोषतं आणि तिथला त्याचा मोलर शोषणांक साधारण 12,200 आहे. माझ्या हिशोबाप्रमाणे शोषण 0.657 यायला हवं.

आलं 0.487.

पुन्हा केलं. 0.486. पुन्हा नवीन पातळ करून, 0.487.

बाटली उजेडात धरली. लेबलवर नावानंतर बारीक अक्षरात 'हायड्रेट' लिहिलेलं होतं. मी निर्जल मिठाचा रेणुभार घेतला होता. या मिठाच्या स्फटिकात पाणी असतं, एका रेणूमागे सात-साडेसात रेणू. साडेसात धरले तर रेणुभार 392 चा 527 होतो आणि वजनातला चौथा हिस्सा नुसतं पाणी निघतं. तराजूवर तो आकडा वर सरकत होता तेव्हाच मला थांबायला हवं होतं. भुकटी हवेतलं पाणी पीत होती आणि मी ते आयएमपी म्हणून लिहून घेत होते.

खरं द्रावण 1.346 नव्हे, 0.998 मिलिमोलर. म्हणजे माझे सगळे आयएमपीचे आकडे फुगलेले.

5 ऑक्टोबर

रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी सहालाच बसले. इनोसिन आणि हायपोझँथिन यांच्या बाटल्या शोषणाने तपासल्या, त्या बरोबर आहेत. एटीपीच्या बाटलीतही पाणी होतं, पण 24 तासांच्या माशात एटीपी उरतच नाही, फरक नगण्य. चूक सगळी आयएमपीत.

सुधारलेले आकडे: लगेच बर्फ, आयएमपी 7.4, के-मूल्य 5.9. सहा तासांनी बर्फ, आयएमपी 6.0, के-मूल्य 23.5.

18.9 आणि 23.5. वीसची रेषा या दोहोंच्या मध्ये आहे. माझ्या चुकीने उतरलेला मासा ताजा ठरत होता, आणि ती चूक नेमकी अशा दिशेची की कुणाला शंका येऊ नये. सूत्राच्या छेदात जास्त आयएमपी घातलं की मूल्य खाली येतं, निकाल छान दिसतो. छान दिसलेला निकाल मी दोनदा तपासला नाही. आईच्या आठ्या मात्र बरोबर होत्या.

वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लाल शाईने लिहून ठेवलं: वजन हे कच्चं, शोषण हे पक्कं. प्रत्येक न्यूक्लिओटाइडचं द्रावण वापरण्याआधी शोषणाने ठरवायचं. बाटल्या आता डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात आहेत, ओलावा शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलवर.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "जुने आकडे खोडू नकोस, बाजूला नवीन लिही." तसंच केलं.

9 ऑक्टोबर

दुसरी रापण, पाऊस नाही, ऊन कडक. या वेळी दुसऱ्या वाट्याला सहाऐवजी चार तासांनी बर्फ. आणि टोपली सावलीत न ठेवता, जिथे ती नेहमी असते तिथेच, लिलावाच्या जागी, उन्हात. सावली ही माझी सोय होती, खरं चित्र हे आहे. माशाच्या पोटातला पारा अकरा वाजता 32 वर.

पहिल्या वाट्याला माशाच्या वजनाइतका बर्फ, एकास एक. रापणकरांपैकी एका काकांनी विचारलं, एवढो बर्फ परवडतलो कसो? प्रश्न रास्त आहे. बर्फाची लादी इथे फुकट मिळत नाही आणि कारखाना किनाऱ्यावर नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे आज नव्हतं, वहीत प्रश्न म्हणून लिहिलाय.

10 ऑक्टोबर

24 तासांचे नमुने घेतल्यावर आईची परीक्षा घेतली, तिच्याच संमतीने. तीनही वाट्यांचे दोन दोन, असे सहा बांगडे सहा ताटल्यांत, ताटल्यांखाली आकडे चिकटवलेले. सगळे मासे आधी तासभर बर्फात ठेवून सारखे गार केले, नाहीतर हाताला थंडावा कळून उत्तर फुटलं असतं.

तिची पद्धत मी लहानपणापासून बघतेय पण आज पहिल्यांदा नीट पाहिली. आधी डोळा, फुगीर की बसका, बाहुली काळी की धुरकट. मग अंगठ्याने कल्ला उचलून रंग, आणि कल्ल्यावरचा चिकटपणा बोटांत चोळून. मग पाठीवर तर्जनी दाबून ती सोडल्यावर खळगा भरतो की तसाच राहतो. मग शेपटीकडे धरून मासा आडवा, वाकतो किती. वास सगळ्यात शेवटी. मी विचारलं वास शेवटी का, तर म्हणाली, "वास येयसर वाट बघितलंय तर माझो धंदो बुडतलो."

बर्फाविना ठेवलेले दोन तिने हात न लावता बाजूला काढले. ते कुणीही काढले असते. उरलेल्या चारांत थांबली. दोन पुन्हा उचलले, पुन्हा दाबले. मग म्हणाली, "हे दोन दिसतत बरे, पण हेंका ऊन लागलेला आसा." ताटल्या उलट्या केल्या. दोन्ही चार तासांवालेच.

मग चव. तिन्ही वाट्यांचे मासे वेगवेगळे शिजवून त्यांचं पाणी वाटीत घेतलं, मीठ आणि पाणी एवढंच, तिरफळ नाही, कोकम नाही. बर्फाविनाची वाटी मी चाखू दिली नाही. बांगड्यात हिस्टिडिन भरपूर असतं, उबेत जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, ते शिजवून जात नाही आणि के-मूल्यात दिसतही नाही. के-मूल्य चवीचं आणि ताजेपणाचं माप आहे, सुरक्षिततेचं पूर्ण माप नाही, हे अहवालात ठळक लिहायचं. उरल्या दोन वाट्या. लगेच बर्फवाल्याचं पाणी तोंडात भरून राहतं, जिभेच्या मागे रेंगाळतं. चार तासवाल्याला वास अजिबात नाही, खराबही लागत नाही, फक्त पोकळ. बाबांनी दुसरी वाटी अर्धी ठेवली आणि पहिली संपवली. त्यांना सांगितलेलं नव्हतं कुठली कुठली ते.

13 ऑक्टोबर

रत्नागिरी, दुसरी फेरी. या वेळी सगळी प्रमाण द्रावणं शोषणाने ठरवलेली. शिवाय एक खात्री आणखी केली. ज्याला मी आयएमपीचं शिखर म्हणते ते खरोखर आयएमपी आहे का? अर्काच्या एका भागात अल्कलाइन फॉस्फटेज घालून अर्धा तास कोमट ठेवलं. हे विकर फॉस्फेट तोडून टाकतं. पुन्हा एचपीएलसीवर चढवलं तर आयएमपीचं शिखर नाहीसं आणि इनोसिनचं तेवढ्याच मापाने वाढलेलं. पडद्यावर ते बघताना अंगावर काटा आला. शिखराने स्वतःचं नाव सांगितल्यासारखं.

तिथल्या मॅडमनी एक कोळंबीचा अर्कही चालवून दाखवला. तिथे आयएमपी बुटकं आणि एएमपी उंच. कोळंबीत एएमपीवरून पुढे जाणारी पायरी मंद असते. म्हणून माशाची फूटपट्टी सुंगटांना तशीच लावायची नाही.

16 ऑक्टोबर

निकाल. लगेच बर्फवाल्याचं 24 तासांचं के-मूल्य मागच्यासारखंच, सहाच्या जवळ. उन्हात चार तास राहून मग बर्फात गेलेल्याचं वीसच्या बरंच वर, मागच्या सावलीतल्या सहा तासांपेक्षाही वर. चार तास ऊन हे सहा तास सावलीपेक्षा महाग पडलं.

मासे सहाच आणि रापणी दोनच, एवढ्यावर नियम करता येत नाही. सरांनीही तेच बजावलं. पण दिशा स्पष्ट आहे. नंतर कितीही बर्फ घातला तरी गेलेलं आयएमपी परत येत नाही. बर्फ उतरण थांबवतो, चढण करत नाही. 'काल'चा बांगडा लगेच बर्फात गेला असेल तर तो 'आज'च्या, उन्हातून आलेल्या बांगड्यापेक्षा गोड असतो. बाजारात गिऱ्हाईक "कालचे आहेत का" एवढंच विचारतं. आईला दिवसभर त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, आणि तो प्रश्नच अर्धवट आहे.

24 ऑक्टोबर

रापण संघाच्या मांडवात दहा-बारा जण जमले. तक्ते नेले नव्हते. दोन बांगडे नेले होते, एक राबातला आणि एक टोपलीतला, दोन्ही आज सकाळचेच, आणि आईला. बोलली जास्त तीच.

बर्फाच्या खर्चावर बराच वेळ गेला. शेवटी असं ठरलं की सगळ्या मासळीला नको, पण लिलावाला वेळ लागणार असेल त्या दिवशी एक जुनी फायबरची टाकी आधीच अर्धी बर्फ आणि समुद्राच्या पाण्याने भरून ठेवायची आणि जाळं वाळूवर येताच पहिल्या टोपल्या त्यात ओतायच्या. टाकी एका काकांकडे पडून आहे, तिचा बुडाचा बोळा गळतो, तो ते बसवून देतील. बर्फ पहिल्या दोन वेळा प्रकल्पाच्या पैशातून. मी दर वेळी तीन नमुने घेईन.

आजोबा, ते मागचे घड्याळवाले, निघताना म्हणाले, "पूर्वी ओली वाळू आणि ओलो गोणपाट घालीत आमी टोपल्यार. ताय मोज." ओल्या गोणपाटाचा वाटा पुढच्या रापणीत चौथा म्हणून घालते आहे.

पुढची रापण बहुधा मंगळवारी. त्याआधी करायचं: नमुन्यांच्या पिशव्यांवर आकडे, जाडं मीठ पाच किलो, आणि डेसिकेटरमधलं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालंय, ते उद्या ओव्हनमध्ये तापवून घ्यायचं.